जुन्या मोटारीतील हवेच्या तापमानाचा सेन्सर : शोधावा कसा, तपासावा कसा आणि त्याला फसवू का नये



शेतकी खात्याच्या माणसाने मोटारीच्या इंजिनावर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलमध्ये आपल्या उसाचाही वाटा आहे. गट ऑफिसला येणारे सभासद हल्ली बेण्याची, खोडव्याची चौकशी करता करता "साहेब, नव्या पेट्रोलवर जुनी गाडी चालंल का?" हेही विचारून घेतात. त्यातच एक उपाय गावोगाव सांगितला जातो. एअर सेन्सरच्या वायरला एक छोटी वस्तू जोडा, गाडी जादा पेट्रोल घेईल, पिकअप वाढेल आणि इथेनॉलचा त्रास जाईल, असा तो उपाय. वस्तू स्वस्त असते आणि जोडायला दहा मिनिटे लागतात. म्हणूनच तिच्या नादी लागण्यापूर्वी हा सेन्सर काय आहे ते नीट समजून घेतले पाहिजे.

कोणत्या गाड्यांत हा सेन्सर असतो?

कार्बोरेटरच्या गाड्यांत, म्हणजे अँबेसडर, पद्मिनी, सुरुवातीची मारुती ८०० यांत, हा सेन्सर शोधू नये. तेथे पेट्रोलचे प्रमाण जेट व हवेचा झोत यांवर ठरते. पंपाच्या जुन्या डिझेल जिपांनाही तो नसतो. कॉमन रेलच्या डिझेल गाड्यांना असतो, पण डिझेलचा इथेनॉलशी संबंध नसल्यामुळे त्या येथे सोडून देऊ.

आपला विषय आहे तो एम.पी.एफ.आय. पद्धतीच्या पेट्रोल गाड्यांचा. भारत स्टेज-२ चे नियम एप्रिल २००५ मध्ये देशभर लागू झाले. त्यानंतर बाजारात आलेल्या बहुतेक पेट्रोल मोटारी याच पद्धतीच्या आहेत. आपल्या सभासदांकडील दहा-वीस वर्षे वापरलेल्या गाड्या प्रामुख्याने यातच मोडतात.

सेन्सर तसा नवा नाही. बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची पद्धत १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० मोटारीत आली. तिच्यातही हवेचे तापमान मोजणारा सेन्सर होता. पन्नासपेक्षा जास्त वर्षांत त्याचे मूळ काम बदललेले नाही.

त्याचे काम काय?

उसाचा ब्रिक्स पाहताना आपण रसाचे तापमानही पाहतो. आपल्याकडचा हायड्रोमीटर २७.५ अंश तापमानाला बेतलेला असतो. रस त्याहून गरम असेल तर वाचन कमी येते आणि तक्त्याप्रमाणे दुरुस्ती मिळवावी लागते. साखर तेवढीच असते, पण तापमान न पाहता आकडा लिहिला तर तो चुकतो.

इंजिनाचे तसेच आहे. ठरावीक पेट्रोल जाळायला ठरावीक वजनाची हवा लागते, आणि सिलिंडरमध्ये हवा जाते ती मापाने. थंड हवा दाट असते, गरम हवा विरळ. जानेवारीतल्या पहाटे १२ अंश तापमानाची हवा मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के वजनदार भरते. म्हणजे पहाटे तेवढेच जादा पेट्रोल द्यावे लागते. इंजिनाचा छोटा संगणक, ज्याला ई.सी.यू. म्हणतात, तो हा हिशेब करतो. हवेचा दाब त्याला एक सेन्सर सांगतो आणि तापमान हा आपला सेन्सर सांगतो. दोन्ही आकड्यांवरून हवेचे वजन काढून तो पेट्रोल सोडतो. स्पार्क किती आधी द्यायचा, हेही बऱ्याच गाड्यांत तो या तापमानावरून थोडेफार मागेपुढे करतो.

काही गाड्यांत गरम तारेचा हवामापक असतो. तो हवेचे वजनच मोजतो. तेथे तापमानाचा सेन्सर पेट्रोलच्या मुख्य हिशेबात फारसा येत नाही. हे लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

तो सापडतो कोठे?

गाडी थंड असताना बॉनेट उघडावे आणि हवेच्या वाटेने जावे. पाटाचे पाणी शोधताना आपण मोरीपासून सुरुवात करतो, तसे. प्रथम हवा आत घेणारे तोंड, मग एअर फिल्टरचा डबा, मग रबरी पाइप, मग थ्रॉटल बॉडी आणि शेवटी इनटेक मॅनिफोल्ड. या वाटेवर पुढीलपैकी एका ठिकाणी सेन्सर सापडतोच :

(१) फिल्टरच्या डब्यावर किंवा रबरी पाइपवर रबरी बुचात दाबून बसवलेला, दोन वायरींचा छोटा प्लॅस्टिकचा सेन्सर. हा सर्वांत सोपा.

(२) इनटेक मॅनिफोल्डवर आट्याने बसवलेला, दोनच वायरींचा.

(३) मॅनिफोल्डवरील दाबाच्या सेन्सरमध्येच घातलेला. याला चार वायरी असतात. दाब व तापमान दोन्ही एकाच डबीत.

(४) हवामापकाच्या आत. याला पाच किंवा जास्त वायरी असतात.

येथे एक धोका आहे. इंजिनाच्या पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सरही बहुधा दोन वायरींचाच असतो आणि दिसायला सारखा असतो. तो थर्मोस्टॅटजवळ, पाण्याच्या वाटेवर असतो. गरम इंजिनावर तो चुकून खोलला तर उकळते पाणी अंगावर येईल. सबब ज्या नळीतून हवा जाते तिच्यावरचाच सेन्सर आपला, ही खूण पक्की करावी. खात्री नसेल तर गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये पाहावे किंवा मेस्त्रीला विचारावे.

तपासणी कशी करावी?

सेन्सरच्या टोकाला एक दाणा असतो. तो गरम झाला की त्याचा विद्युत विरोध कमी होतो आणि थंड झाला की वाढतो. ई.सी.यू. त्याला ५ व्होल्टचा पुरवठा देतो आणि परत येणाऱ्या व्होल्टेजवरून तापमान ओळखतो. त्यामुळे साध्या मल्टिमीटरवर त्याची परीक्षा होते. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे असतो तोच मीटर चालतो.

किल्ली बंद करावी. प्लगची कडी दाबून प्लग काढावा, वायर ओढू नये. मीटर २० हजार ओहमच्या पट्टीवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांवर लावावा. बऱ्याच गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या सेन्सरची वाचने साधारण अशी येतात :

० अंश — सुमारे ५,९०० ओहम
१० अंश — सुमारे ३,८०० ओहम
२० अंश — सुमारे २,५०० ओहम
३० अंश — सुमारे १,७०० ओहम
४० अंश — सुमारे १,२०० ओहम
६० अंश — सुमारे ६०० ओहम
८० अंश — सुमारे ३२० ओहम

काही बनावटींत २० अंशांना साडेतीन हजार ओहमही येतात. तेव्हा आकड्यात फरक दिसला म्हणून लगेच सेन्सर फेकू नये. आपल्या गाडीचा तक्ता पाहावा. खरी परीक्षा बदलाची आहे. सेन्सर मुठीत धरला की आकडा सावकाश, एकसारखा उतरला पाहिजे आणि सावलीत ठेवला की चढला पाहिजे. आकडा जागचा हलत नसेल, उड्या मारत असेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर सेन्सर गेला असे समजावे.

नंतर किल्ली चालू करून, इंजिन न लावता, गाडीकडून आलेल्या प्लगच्या दोन टोकांत व्होल्टेज पाहावे. ते ५ च्या आसपास हवे. तेथे काहीच नसेल तर दोष सेन्सरचा नसून वायरीचा आहे. आपल्या भागात गाडी उसाच्या फडाजवळ किंवा गोठ्यात उभी असते. तोड सुरू झाली की उंदीर फड सोडतात आणि बॉनेटखाली ऊब शोधतात. नवा सेन्सर आणण्यापूर्वी कुरतडलेली वायर शोधावी. प्लग काढलेला असताना किल्ली चालू केल्यामुळे इंजिनचा दिवा लागून राहू शकतो. सर्व जोडल्यावर स्कॅनरने तो पुसून घ्यावा.

ज्या गाड्या स्कॅनरला उत्तर देतात त्यांची परीक्षा आणखी सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीवर पहाटे स्कॅनर लावावा. पाण्याचे आणि हवेचे तापमान दोन्ही बाहेरच्या हवेच्या जवळपास, दोन-चार अंशांच्या फरकाने, दिसले पाहिजे. हवा उणे ४० अंश दाखवत असेल तर वायर तुटली आहे किंवा प्लग निघाला आहे. पी-०११३ हा कोड त्याचाच. भलतेच जास्त तापमान आणि पी-०११२ हा कोड असेल तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या असाव्यात.

एक गोष्ट दोष म्हणून मोजू नये. लांबून आलेली गाडी उन्हात उभी केली आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा सुरू केली, तर सेन्सर ६०-७० अंशही दाखवतो. बॉनेटखालची कोंडलेली उष्णता त्यात शिरलेली असते. गाडी थोडी अडखळते आणि चालू लागल्यावर नवी हवा आली की सुरळीत होते.

"छोटी वस्तू" काय करते?

पिकअप वाढवण्याच्या किंवा इथेनॉलच्या नावाने विकली जाणारी बहुतेक छोटी डबी उघडली तर आत एक रेझिस्टर निघतो. तो सेन्सरच्या वायरीत जोडला की एकूण विरोध वाढतो आणि ई.सी.यू.ला हवा थंड आहे असे वाटते. थंड हवा म्हणजे दाट हवा, म्हणून तो जादा पेट्रोल सोडतो. सगळी युक्ती एवढीच.

आता तक्ता समोर ठेवून हिशेब करू. समजा १,२५० ओहमचा रेझिस्टर जोडला. खरी हवा ४० अंश आहे. सेन्सरचे १,२०० आणि वरचे १,२५० मिळून २,४५० झाले. ई.सी.यू. म्हणतो, हवा २० अंश आहे. तो सुमारे ७ टक्के पेट्रोल वाढवतो. खरी हवा ६० अंश झाली तर ६०० अधिक १,२५० म्हणजे १,८५० ओहम. ई.सी.यू. समजतो २८ अंश. चूक ३२ अंशांची झाली आणि पेट्रोल १० टक्क्यांवर वाढले. उलट थंडीत हवा २० अंश असताना चूक फक्त १० अंशांच्या घरात राहते. म्हणजे हवा जितकी गरम, तितके खोटे मोठे. भर उन्हात, घाटात, पाच माणसे आणि सामान घेऊन गाडी चढते, तेव्हाच इंजिनाला खऱ्या तापमानाची सर्वांत जास्त गरज असते. स्पार्क मागे घ्यायला हवा असतो, पण ई.सी.यू.ला वाटते हवा गार आहे. मग इंजिन टकटक ठोके देते आणि पिस्टनवर ताण येतो.

बरे, निदान सपाट रस्त्यावर तरी फायदा होतो का? तोही होत नाही. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. मिश्रण घट्ट आहे की पातळ, हे तो क्षणाक्षणाला सांगतो. रेझिस्टरमुळे ७ टक्के पेट्रोल वाढले की ऑक्सिजन सेन्सर ओरडतो आणि ई.सी.यू. थोड्याच वेळात ते ७ टक्के कापून टाकतो. गाडी होती तेथेच येते. गार इंजिन सुरू करताना आणि पूर्ण रेस दाबल्यावर मात्र ऑक्सिजन सेन्सरचे ऐकले जात नाही. जादा पेट्रोल जाते ते त्याच वेळी. प्लग काळे पडतात, न जळलेले पेट्रोल भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरते, काही कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जाते आणि त्याचे आयुष्य घटते. धुराच्या तपासणीतही अडचण येऊ शकते. भारत स्टेज-२ व ३ च्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा फक्त ०.५ टक्के आहे.

गरम तारेच्या हवामापकाच्या गाडीत तर रेझिस्टरने पेट्रोलसुद्धा धड वाढत नाही. फक्त स्पार्क बिघडतो. पैसे देऊन नुकसान घ्यायचे, एवढेच तेथे होते.

उसाच्या मोळीला माती-पाचट ठेवून वजन वाढते, उतारा वाढत नाही. सेन्सरला फसवणे त्याच जातीचे आहे.

मग इथेनॉलचे काय?

महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास २००३ मध्ये सुरुवात झाली. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. उसाच्या रसापासून थेट केले तर एक टन उसाचे सुमारे ७० लिटर इथेनॉल होते आणि साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीपासून सुमारे १० लिटर. कारखान्याचे आणि पर्यायाने आपले पैसे यात गुंतलेले आहेत. म्हणूनच याची खरी बाजू आपणच स्पष्ट सांगितली पाहिजे. आपला माल आहे म्हणून झाकून ठेवणे बरे नाही.

शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. १० टक्के मिश्रणाला १४.१ आणि २० टक्के मिश्रणाला १३.५ किलोच्या आसपास. म्हणजे १० वरून २० टक्क्यांवर जाताना इंजिनाला साडेचार टक्क्यांच्या जवळपास जादा इंधन लागते. ऑक्सिजन सेन्सर चांगला असेल तर एवढी दुरुस्ती जुना ई.सी.यू. आपणहून करतो. त्यासाठी बाहेरून काही जोडावे लागत नाही. कार्बोरेटरच्या गाडीला मात्र ही सोय नाही. तिचे जेट व ट्यूनिंग जाणत्या मेस्त्रीकडूनच पाहून घ्यावे.

ऍव्हरेज कमी होते, हे खरे आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या व १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींना २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घट येईल असा अंदाज दिला आहे. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १४ देईल, असे समजावे. ही घट कोणताही रेझिस्टर भरून काढू शकत नाही. उलट तो पेट्रोल वाढवणारा आहे. ऍव्हरेजसाठी जादा पेट्रोल ओतणे, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

जुन्या गाडीची खरी काळजी दुसरीकडे आहे. जुने रबरी पाइप व वॉशर इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात. टाकीच्या तळाची घाण सुटून फिल्टर तुंबतो. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून अर्धी टाकी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी केली तर तळाशी पाणी साचण्याची भीती असते. पैसे खर्चायचेच असतील तर इंधनाचा फिल्टर, योग्य प्रतीचे पाइप आणि दुबळा झालेला ऑक्सिजन सेन्सर यांवर खर्चावेत.

सेन्सरमध्ये कोणता बदल करण्यास हरकत नाही?

(१) सफाई. तेल-धूळ बसलेला दाणा सेन्सरसाठीच्या स्प्रेने साफ करावा व वाळू द्यावा. रॉकेलचा बोळा, तारेचा ब्रश वापरू नये.

(२) हवेची वाट पूर्ववत करणे. फिल्टरच्या डब्याला बाहेरची गार हवा देणारी नळी बऱ्याच जुन्या गाड्यांत तुटलेली किंवा मेस्त्रीने काढून ठेवलेली असते. मग इंजिन बॉनेटखालची गरम हवा ओढते. नळी परत बसवली की हवा खरोखर गार होते आणि सेन्सरही खरे बोलतो. पिकअपसाठी सर्वांत स्वस्त उपाय हाच.

(३) जागा बदलणे. दोन वायरींचा सुटा सेन्सर तापलेल्या धातूवर बसून सतत गरम वाचन देत असेल, तर तो फिल्टर आणि थ्रॉटल यांच्यामधील पाइपवर घेता येतो. वायर त्याच जाडीची असावी, जोड डाखाचा व नळी चढवलेला असावा, आणि रबरी बुचातून हवा गळू नये. इंजिनात जाणारी हवाच सेन्सरला लागली पाहिजे. बंपरमागे बाहेरच्या वाऱ्यात टांगला तर तेही फसवणेच झाले. चार-पाच वायरींच्या जोडसेन्सरची जागा बदलू नये.

(४) बदली. त्याच नंबरचा सेन्सर घ्यावा. प्लग बसला म्हणजे तक्ता जुळला असे नाही.

ज्या सभासदांनी रेझिस्टर बसवून घेतला असेल त्यांनी तो काढून वायर पूर्वीसारखी जोडून घ्यावी. कोड पुसावेत आणि गाडी दोन-तीन दिवस नेहमीप्रमाणे चालवावी. ई.सी.यू. आपला हिशेब पुन्हा बसवतो. त्यानंतरही गाडी मिस मारत असेल तर प्लग, फिल्टर, पेट्रोलचा दाब आणि ऑक्सिजन सेन्सर या क्रमाने तपासणी करावी.

जमिनीचा नमुना न तपासता खताचा डोस वाढवू नये, असे आम्ही नेहमी सांगतो. गाडीलाही तोच नियम लावावा. आधी मोजावे, मग हात घालावा. तरी सभासदांनी वरील माहिती आपल्या घरच्या गाडी चालवणाऱ्या मुलांना व गावच्या मेस्त्रीलाही वाचून दाखवावी, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग